कूलर, ट्रॅक्टर आणि डावा हात

शेंदूरजनाघाटात घर बांधायचं ठरतं ते बहराच्या पैशावर. आंबिया बहराची संत्री दिवाळीच्या मागेपुढे उतरायला लागतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चपासून. बगिच्याचा सौदा झाला, पैसा हाती आला, की माणसं नकाशा काढायला येतात आणि येतात ती सगळी एकदमच. पावसाळ्यात मात्र आम्हाला उसंत असते. अशाच एका पावसाळ्यात मी माझ्या ऑटोकॅडच्या, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या, पडद्याची मांडणी बदलायला घेतली. गर्दीच्या दिवसांत कुणाला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणावं लागू नये, एवढाच तेव्हा हेतू होता. काम करत गेलो तसं ध्यानात येत गेलं की पडद्यावर काय हाताशी आहे आणि काय चार क्लिक लांब आहे, यावर गावात उभी राहणारी घरंही थोडीफार ठरतात. माझ्यासारख्या लहान गावात नकाशे काढणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते सविस्तर सांगतो.

मी हे काम शिकलो अमरावतीत. तिथल्या कार्यालयात मालक पुढच्या केबिनमध्ये बसायचे आणि आम्ही नकाशे काढणारे मागच्या खोलीत. मालकाला नकाशा दिसायचा तो छापून आलेला. गावात तसं नाही. इथे मालक माझ्या शेजारच्या खुर्चीवर, त्यांच्या मागे घरातली बाई, कधी दाराजवळच्या बाकावर म्हातारी आई, आणि सगळ्यांची नजर पडद्यावर. ‘अजी भाऊ, सपरी उलशीक मोठी करा ना,’ असं कुणी म्हटलं की भिंत त्यांच्या डोळ्यांदेखत सरकावी लागते. मी मेनू शोधत राहिलो तर ते अवघडतात. ‘जाऊ द्या, राहू द्या आहे तसं,’ म्हणतात आणि तो विषय तिथेच संपतो. घर आयुष्यात एकदा बांधणारा माणूस आपल्या मनातली गोष्ट दुसऱ्यांदा बोलेलच असं नाही. विशेषतः मागे उभी असलेली बाई तर नाहीच. म्हणून आमच्या कामात वेगाचा अर्थ असा आहे की समोरच्याने बोलून दाखवलेली गोष्ट विरायच्या आत ती पडद्यावर उमटली पाहिजे. मोठ्या शहरातल्या कार्यालयात दिवसाला किती नकाशे निघाले यावर वेग मोजत असतील. मला ते माप इथे लावावंसं वाटत नाही.

ऑटोकॅड पहिल्यांदा बाजारात आलं १९८२ च्या डिसेंबरात. त्याचा मला सगळ्यात मोठा गुण वाटतो तो हा की वापरणाऱ्याला ते आत हात घालू देतं. १९८६ पासून त्यात ऑटोलिस्प आहे, म्हणजे आपल्या सोयीची छोटी कमांड आपणच लिहायची. चाव्यांचे संक्षेप एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतात, ती कुणीही नोटपॅडमध्ये उघडावी. २००९ च्या आवृत्तीत वरची चिन्हांची रुंद पट्टी, रिबन, आली. २०१५ च्या आवृत्तीत जुनी ‘क्लासिक’ मांडणी तयार मिळायची बंद झाली. पण ‘सीयूआय’ नावाच्या खिडकीत जाऊन ती पुन्हा जुळवता येते आणि आपल्या नावाने जतनही करता येते. शिकवणीच्या वर्गांत हा भाग बहुधा शेवटच्या दिवशी घाईत उरकतात. मला विचाराल तर तो दुसऱ्या आठवड्यात शिकवावा.

माझा पडदा आता जवळजवळ मोकळा असतो. रिबन झाकलेली, डावीकडे तयार आकृत्यांची एक टूल पॅलेट, खाली कमांडची ओळ, बाकी सगळा नकाशा. कंट्रोल आणि शून्य दाबलं की उरलेल्या पट्ट्याही जातात. मालकांना चिन्हांच्या गर्दीतून आपलं घर हुडकावं लागत नाही, हा त्याचा पहिला फायदा.

चाव्यांचं काम मात्र वेळ खाणारं होतं. कोणत्या कमांडला कोणती चावी द्यायची हे अंदाजाने ठरवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ऑटोकॅडमध्ये ‘लॉगफाइलऑन’ अशी सोय आहे. ती चालू केली की आपण दिलेली प्रत्येक कमांड त्या-त्या नकाशाच्या नोंदीच्या फाइलीत लिहिली जाते. एक पूर्ण हंगाम ती चालू ठेवली आणि पावसाळ्यात त्या फाइली उघडून बसलो. कॉपी, स्ट्रेच, ट्रिम, ऑफसेट, मूव्ह, रोटेट आणि मोजमापं टाकणं. फिरून फिरून हीच नावं. वर्तुळ क्वचित कुठेतरी, विहिरीला नाहीतर टाकीला. तरीही ऑटोकॅड येतं तेव्हा ‘सी’ ही चावी वर्तुळाला दिलेली असते आणि कॉपीला दोन अक्षरं दाबावी लागतात. ‘आर’ ही चावी असते रीड्रॉसाठी. एके काळी प्रत्येक क्लिकबरोबर पडद्यावर बारीक फुल्या उमटत आणि त्या पुसायला रीड्रॉ लागायचं. आज त्या फुल्या नाहीत, चावी मात्र अजून तिच्याच नावावर आहे.

मग ‘ॲकॅड डॉट पीजीपी’ ही फाइल उघडली. आधी तिची एक प्रत बाजूला काढून ठेवली, हे प्रत्येकाने करावं. त्या फाइलीत प्रत्येक ओळीवर एक संक्षेप, मग स्वल्पविराम, मग तारा आणि त्याला चिकटून कमांडचं पूर्ण नाव, एवढंच असतं. उजवा हात दिवसभर माउसवर असतो, तेव्हा रोजच्या सगळ्या कमांड डाव्या हाताच्या बोटांखाली यायला हव्यात, हा नियम धरला. ‘सी’ कॉपीला दिली, ‘आर’ रोटेटला, ‘व्ही’ मूव्हला, ‘डी’ सरळ मोजमापाला. ‘एस’ स्ट्रेचकडे आधीपासूनच होती. ती बदलायचं कारण नव्हतं. ‘री-इनिट’ दिलं की ऑटोकॅड बंद न करता नव्या चाव्या लागू होतात. सुरुवातीचे काही दिवस हात जुन्या वाटेने जातो, पुढे जात नाही.

आता ‘सपरी उलशीक मोठी करा’ म्हटल्यावर काय होतं ते सांगतो. डाव्या हाताने ‘एस’ आणि स्पेसबार, उजव्या हाताने भिंतीवर उजवीकडून डावीकडे चौकट, पुन्हा स्पेसबार, एक टिंब, एफ-आठने रेषा सरळ धरलेली, एक फूट, स्पेसबार. भिंत सरकते, तिच्यातली खिडकी सरकते, मोजमापाचा आकडाही आपोआप बदलतो. या सगळ्यात माझी नजर चावीफळ्याकडे जात नाही आणि पडद्याच्या कडेलाही जात नाही. मी मालकांच्या चेहऱ्याकडे पाहू शकतो.

नजर न हलवता हात चालवणं आमच्या गावाला नवं नाही. इथल्या रोपवाटिकांतून संत्र्याची कलमं बाहेरच्या जिल्ह्यांत आणि परराज्यांतही जातात. हिवाळ्याच्या तोंडाला जंबेरीच्या खुंटांवर डोळे भरायचं काम चालतं, ते कुणीही उभं राहून पाहावं. कारागीर ओळीत उकिडवा बसतो, खुंटाच्या सालीला टी-आकाराचा छेद देतो, डोळा आत सरकवतो, प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतो आणि पुढच्या खुंटाकडे सरकतो. चाकू कुठे आहे, पट्ट्या कमरेला कोणत्या बाजूला खोचल्यात, हे तो पाहत नाही. त्याची नजर खुंटावरून हलत नाही. नकाशा काढणाऱ्याची नजर तशी घरावर राहावी, एवढंच मला माझ्या चाव्यांकडून हवं होतं.

नकाशाच्या साच्याची, म्हणजे टेम्प्लेटची गोष्ट वेगळी. त्यात आमचा रोजचा पेच मुरलेला आहे. मालक फुटांत बोलतो, दहा बाय बारा, बारा बाय पंधरा. मिस्त्रीही फुटा-इंचातच बांधतो. मंजुरीचा नकाशा मात्र मीटरमध्ये द्यावा लागतो. एकाच मोजमापात दोन्ही आकडे उमटतील अशी शैली करून साच्यात ठेवली आहे आणि गरजेप्रमाणे एक आकडा बंद करता येतो. रंगांचंही तसंच. मंजुरीच्या नकाशात नवं बांधकाम लाल दाखवायचं, पाडायचं ते पिवळ्या रेघांनी, सांडपाण्याची नळी लाल तुटक रेषेत. मिस्त्रीला हे रंग नकोत, त्याला जाड-बारीक काळी रेघ हवी. ऑटोकॅडमध्ये रेषेचा रंग आणि छापताना येणारी तिची जाडी यांची सांगड असते. ती आली पेन प्लॉटरच्या काळातून. तेव्हा यंत्रात खरीखुरी पेनं बसवलेली असत आणि प्रत्येक रंगाच्या आकड्याला एक पेन ठरलेलं असे. मी शाईची पेनं आणि ट्रेसिंग पेपर वापरणाऱ्या ज्येष्ठांच्या हाताखाली शिकलो. ०.२, ०.४, ०.६ अशी त्यांची पेनं ओळीने मांडलेली असायची. छपाईच्या फाइली बनवताना मी त्याच जाड्या धरल्या. त्या हातांनी काढलेल्या नकाशात भिंत कुठे कापली आहे आणि कुठे नुसती दिसते आहे, हे लांबून कळायचं. संगणकावर काढलेले कितीतरी नकाशे आज सपाट दिसतात. रेघेची जाडी कुणी ठरवलेलीच नसते, एवढं साधं कारण त्यामागे आहे.

२ डिसेंबर २०२० ला राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली आणि आमच्यासारखी नगर परिषदांची गावंही तिच्या कक्षेत आली. तेव्हा साचा पुन्हा उघडावा लागला. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी परवानगीची पद्धत तिच्यात फार सुटसुटीत केली आहे. नकाशा नियमात बसतो हे परवानाधारक तांत्रिक माणसाने प्रमाणित करायचं, म्हणजे जबाबदारी आमच्या सहीवर. त्यामुळे क्षेत्रफळाचा तक्ता हाताने टाइप करणं मी बंद केलं. खोलीच्या कडेने बंद रेषा फिरवायची आणि तक्त्यातला आकडा ‘फील्ड’ करून त्या रेषेलाच जोडायचा. भिंत सरकली की पडदा ताजा करताना आकडाही बदलतो. मालक शेवटच्या क्षणी बदल सुचवतात, तेव्हा हा तक्ता किती उपयोगी पडतो ते हे काम करणाऱ्यालाच कळेल.

पडदा दोघांचा आहे हे मला सगळ्यात जास्त जाणवलं ते रंगांवरून. काळ्या पार्श्वभूमीवर मला बरं वाटतं, डोळे शिणत नाहीत. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र तो काळा चौकोन आणि त्यातल्या पिवळ्या-हिरव्या-निळ्या रेघा परक्या वाटतात. ते मान हलवतात, पण त्यांना कळलेलं नसतं. म्हणून लेयरच्या तीन अवस्था नावं देऊन ठेवल्या आहेत: मालक, मिस्त्री, परिषद. ‘मालक’ लावली की मोजमापं, अक्ष, कॉलमचे क्रमांक सगळं लपतं. भिंती भरीव होतात, पार्श्वभूमी मी वेगळी पांढरी करतो, खोल्यांवर आमच्याकडची नावं: सपरी, बैठक, देवघर, सैपाकघर, न्हाणी, सांधवाडी. मराठी अक्षरं दरवेळी टाइप करायला लागू नयेत म्हणून प्रत्येक नावाचा ब्लॉक, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा तयार तुकडा, करून ठेवला आहे. ही अवस्था लावल्यावर मागे उभ्या असलेल्या बाई पुढे येतात. बोट पडद्याला टेकवून विचारतात, ‘हे दार इथून उघडते का? मंग माही कोठी कुठं ठेवू?’ पुढची सगळी चर्चा खरी होते.

आता पॅलेटकडे येतो. मला जे मुख्य सांगायचं आहे ते इथे आहे.

ऑटोकॅडबरोबर येणारे आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेले ब्लॉक पाहिलेत तर त्यांत एक विशिष्ट घर दडलेलं असतं. मोठा दुहेरी पलंग, दोन्ही बाजूंना छोटी टेबलं, सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, एल आकाराचा सोफा, दारात मोटार, भिंतीला एसी. नकाशा काढणारा हे ब्लॉक टाकत जातो आणि खोल्या त्या सामानाच्या मापाने आकार घेतात. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. जे हाताशी असतं ते टाकलं जातं, आणि जे टाकलं गेलं त्याच्यासाठी जागा राखली जाते. ज्या वस्तूचा ब्लॉक पॅलेटमध्ये नाही, तिला घरात जागा उरत नाही.

कूलरचं उदाहरण घ्या. वऱ्हाडात एप्रिल ते जून कूलरशिवाय निभत नाही आणि आमचा कूलर खिडकीच्या बाहेर लोखंडी घोडीवर बसतो. त्याला बाहेरच्या भिंतीतली खिडकी लागते, पाण्याचा नळ जवळ लागतो, विजेचा पॉइंट लागतो, जमल्यास सावली लागते. शिवाय आत आलेली हवा बाहेर जायला समोर दुसरी उघडी जागा लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा भरतो. एवढं सगळं लागत असूनही नकाशात कूलर कुठेच नसतो. घर बांधून होतं, पहिला उन्हाळा येतो, आणि मग दोन घरांमधल्या अरुंद बोळीत कूलर उभा राहतो. येण्या-जाण्याची वाट अडते किंवा पश्चिमेच्या उन्हात तो दुपारभर तापतो. मी खिडकीचा ब्लॉकच बदलला. डायनॅमिक ब्लॉकला वेगवेगळी रूपं देता येतात. माझ्या खिडकीला तीन आहेत: साधी, जाळीची आणि कूलरची. कूलरचं रूप निवडलं की बाहेर घोडी उमटते, तिच्याभोवती सोडायच्या जागेची तुटक चौकट दिसते आणि नळाची व विजेची खूण येते. ती चौकट बाजूच्या मोकळ्या जागेत मावत नसेल तर तिथल्या तिथे दिसतं. प्रत्येक झोपायच्या खोलीला किमान एक खिडकी कूलरची, हा माझा नेम आहे.

ट्रॅक्टरचं तसंच. ‘भाऊ, माहा ट्रॅक्टर कुठं उभा राहीन ते आधी दाखवा,’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे. ट्रॅक्टरची रुंदी सहा फुटांच्या आसपास, आणि ट्रॉली जोडली की लांबी वीस फुटांच्या वर जाते. रस्ता अरुंद असला तर वळण घ्यायलाच जागा पुरत नाही आणि दहा फुटांचं फाटकही अपुरं पडतं. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा ब्लॉक वळणाच्या रेघेसकट केला. तो दारातून आत आणून मालकांना दाखवतो, आणि फाटक कोणत्या कोपऱ्यात हवं हे ते स्वतःच सांगतात. मोटारीचा ब्लॉक मी काढून टाकलेला नाही. खालच्या ओळीत आहे.

पहिल्या ओळीत काय ठेवायचं, यावर मी बराच विचार केला. तिथे आज तुळशीवृंदावन आहे, खाट आहे, धान्याची कोठी आहे आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा आहे. आमच्या वरुड तालुक्याला लोक ड्रायझोन म्हणतात. संत्र्यासाठी इतकं पाणी उपसलं गेलं की बोअर शेकडो फूट खोल न्यावी लागते. लहान भूखंडांवर कुणी मुरवणीच्या खड्ड्याची सक्ती करो न करो, तो ब्लॉक पहिल्या ओळीत असल्यामुळे मी तो प्रत्येक नकाशात टाकतो, छताच्या नळीशी जोडूनच. मालक कधी विचारतात, ‘हे काय होय?’ मी सांगतो. काहीजण करतात, काहीजण ‘पाहू नंतर’ म्हणतात. पण प्रश्न निघतो. शेवटच्या ओळीत असता तर तो निघालाच नसता.

या सगळ्याची सर्वात कडक परीक्षा लहान घरात होते. पंतप्रधान आवास योजना (शहरी) २०१५ मध्ये सुरू झाली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला तिच्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळायचे आणि घर साधारण ३० चौरस मीटर चटईक्षेत्राचं. ३० चौरस मीटर म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आत-बाहेर. एवढ्या जागेत एक दार चुकीच्या बाजूला उघडलं तर खाट मावत नाही. अशा घरांसाठी एकच तयार नकाशा ठेवून नाव बदलून देत राहणं सोपं असतं, आणि कामाचा रेटा असला की तो मोह कुणालाही होईल. मला वाटतं, हाताचा वेग वाढवायचा तो इथे खर्च करण्यासाठी. कुणाची जागा पूर्वेला तोंड करून, कुणाची दोन्हीकडून भिंतीला भिंत लागलेली, कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेली आई. स्ट्रेच, कॉपी, खिडकीचं रूप बदल, क्षेत्रफळ आपोआप. असं सगळं हाताशी असेल तर प्रत्येकाला त्याच्या जागेचा नकाशा काढून देता येतो. अडीच लाखांच्या घराला कुणी वास्तुविशारद नेमत नाही. त्या घराच्या वाट्याला येतो तो आमचाच अर्धा-पाऊण तास.

माझ्याकडे सध्या आयटीआय झालेली एक मुलगी काम करते. ती आली तेव्हा माझ्या चाव्यांवरून आमची ओढाताण झाली. ती वर्गात शिकली होती तशी चिन्हांवर क्लिक करायची आणि उजवं बटण दाबलं की तिला मेनू हवा असायचा. माझ्याकडे उजवं बटण म्हणजे एंटर. एकाच संगणकावर आळीपाळीने बसायचं तर दोघांचीही चिडचिड. यावर ऑटोकॅडमध्ये एक फार छान तोड निघाली. उजव्या बटणाला वेळेचं भान देता येतं: झटकन दाबलं तर एंटर, २५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवलं तर मेनू. तेवढ्यावर भागलं. पुढे मी तिच्या नावाची वेगळी प्रोफाइल करून दिली. तिच्या चाव्या तिने ठरवाव्यात, तिचा रंग तिने. माझ्या चाव्या तिच्यावर लादल्या असत्या तर तिचा हात कायम अडखळत राहिला असता. हात ज्याचा त्याचा असतो. साचा, लेयरची नावं, छपाईच्या जाड्या आणि ब्लॉक मात्र एकाच सामायिक फोल्डरमध्ये आहेत आणि दोन्ही प्रोफाइल तिथूनच ते उचलतात. मिस्त्रीच्या हाती जाणारा कागद कुणी काढला हे त्याला कळू नये.

सामायिक फोल्डरमध्ये भर मात्र दोघांनीही घालायची. तिने घातलेला पहिला ब्लॉक होता धुण्याच्या दगडाचा. घरामागे सांधवाडीत धुणं-भांडी होतात, तिथे दगड, नळ, पाणी वाहून जायचा उतार आणि वर चार फुटांचा छज्जा. माझ्या पॅलेटमध्ये हे कधीच नव्हतं. मी ट्रॅक्टरचा विचार केला, कूलरचा केला. घरातली बाई मे महिन्याच्या दुपारी उघड्यावर भांडी घासते याचा विचार कुणी तिथे बसून भांडी घासलेल्या माणसानेच करायला हवा होता. ‘सर, हे वरच्या ओळीत ठेवा,’ ती म्हणाली. ठेवलं. तेव्हापासून सांधवाडीवर छज्जा आमच्या नकाशात असतो आणि घरातल्या बायका तो कापू देत नाहीत.

सध्या पॅलेटमध्ये सौर पॅनेल बसवायचं चाललं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आल्यापासून मालक विचारायला लागले आहेत, आणि एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट छत लागतं. पॅनेल दक्षिणेकडे कललेलं असतं. जिन्यावरची खोली आणि पाण्याची टाकी त्याच्या दक्षिणेला आली तर हिवाळ्यात त्यांची लांब सावली पॅनेलवर पडणार. म्हणजे जिना कुठे घ्यायचा हा प्रश्न थेट तळमजल्यावर येऊन बसतो. गच्चीवर वड्या-कुरड्या वाळवायला मोकळी जागाही हवी. ब्लॉकमध्ये डिसेंबरातल्या सावलीची रेघ घालावी असं माझं म्हणणं आहे. त्या मुलीचं म्हणणं की रेघ मालकांना कळणार नाही, सावली भरून दाखवा. दोन्ही रूपं करून ठेवतो आहोत. आंबियाचा पैसा यायच्या आत ते व्हायला हवं.